निवृत्ती ओव्हाळांचं सामान

चंपाबाई ओव्हाळ लोणावळ्याच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, तेव्हा गावात त्यांना चेहऱ्यानं ओळखणारे थोडे आणि आवाजानं ओळखणारे फार. बाजारात त्यांनी नुसतं "मेथी कशी दिली" विचारलं, तरी शेजारच्या दुकानातला एखादा चिक्कीवाला मान वळवून बघायचा. "मुंबई लाइन बिझी आहे, थांबावं लागेल," असं सकाळीच त्याला ऐकवणारा आवाज हाच, हे त्याच्या लक्षात यायचं. ट्रंक कॉल लावून द्यायचे ते दिवस. बंगल्यांतले शेठ लोक घाईचे असत. असाच एकजण एकदा फोनवर बोलता बोलता घसरला, आणि तक्रार करायची म्हणून त्यानं नाव विचारलं. चंपाबाईंनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, मग त्याला आडनावाची फोड करून दिली आणि म्हणाल्या, "नीट लिहा. चुकलं तर तक्रार दुसऱ्याच कुणाला लागेल." तक्रार काही आली नाही.

नोकरी करत त्या अशाच राहिल्या, आणि संसारही असाच केला. नवरा मात्र त्यांच्या अगदी उलट. निवृत्ती ओव्हाळ मोजकं बोलायचे, तेही आभाळाकडे बघत. पुण्याच्या हवामान खात्यात शास्त्रज्ञ होते. कामशेतच्या पलीकडे, पवनेच्या वाटेवर त्यांचं गाव. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते, आई धोंडाबाई दुसऱ्यांच्या खाचरांत भात लावायला जायची. आजोबांच्या वेळी, छप्पन साली, घरानं बौद्ध धम्म घेतला होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि कंदिलाखाली पोराचं पुस्तक, अशा घरातून निवृत्ती कामशेतच्या हायस्कुलात गेले, तिथून पुण्याच्या कॉलेजात, आणि तिथून थेट दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर.

हे शेवटचं लोकांना आजही खरं वाटत नाही. पण आपल्या देशाच्या अंटार्क्टिकाच्या सुरुवातीच्या मोहिमा निघाल्या, त्यांतल्या एका मोहिमेत हवामानाच्या नोंदी ठेवायला निवृत्ती ओव्हाळांची निवड झाली. नुसतं जाऊन यायचं नव्हतं, अख्खा हिवाळा तिथं काढायचा होता. तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि चंपाबाईंना दिवस गेले होते.

धोंडाबाईला कळलं तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, तितं भात पिकतो का. न्हाई म्हटल्यावर तिनं तो मुलूख मनातून उतरवूनच टाकला. मग मात्र कामाला लागली. आपली जुनी लुगडी काढली, उसवली, थरावर थर घातले आणि गोधडी शिवायला बसली. निवृत्तींनी समजावलं, आई, सरकार सगळे कपडे देतंय, असले जाड की त्यात माणूस ओळखू येत नाही. धोंडाबाईनं सुई थांबवली नाही.

"सरकारची कापडं सरकारला परत द्यावी लागत्यात," ती म्हणाली. "ही न्हाई लागायची."

चंपाबाई स्वेटर विणायला बसल्या. विणकाम येत नव्हतं. एक्स्चेंजमधल्या एका मैत्रिणीकडून रात्रपाळीत शिकल्या, बाटलीच्या हिरव्या रंगाची लोकर आणली, आणि एक बाही दुसरीपेक्षा चांगली चार बोटं लांब झाली. उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. निवृत्तींनी ती तशीच दुमडून घातली आणि म्हणाले, बरं झालं, एक हात तरी गरम राहील.

ट्रंक कामशेतच्या बाजारातून घेतली, काळी, पत्र्याची. तिथल्याच एका पेंटरनं पांढऱ्या अक्षरांत तिच्यावर लिहिलं: निवृत्ती रामा ओव्हाळ, खाली मुक्काम पोस्ट, तालुका मावळ, जिल्हा पुणे. गोव्याहून बोट निघाली तेव्हा बाकीच्यांच्या पेट्यांवर छापील इंग्रजी चिठ्ठ्या होत्या. या एकट्या पेटीवर तालुक्यासकट पत्ता. सोबतचे हसायचे, ओव्हाळ, तिकडे तुमची पेटी हरवली तर पेंग्विन मावळात आणून देणार काय. निवृत्तीही हसायचे. पण अक्षरं त्यांनी झाकली नाहीत.

आणि एक दाढीचा आरसा होता, तळहाताएवढा, पत्र्याच्या चौकटीतला. त्याच्या पाठीवर निवृत्तींनी बाबासाहेबांचं चित्र खळीनं चिकटवलं होतं, कुठल्याशा जयंतीच्या अंकातून कापलेलं. तिथल्या खोलीत तो आरसा खिळ्याला टांगलेला असायचा. दाढी आठवड्यातून एकदा. ती झाली की निवृत्ती आरसा उलटा फिरवायचे, मग आठवडाभर चित्र बिछान्याकडे बघत असायचं. वादळ सुटलं की कित्येक दिवस सूर्य नाही, बाहेर पाऊल नाही, एका खोलीत तीच माणसं आणि तेच आवाज. अशा वेळी एकजण रडायला लागला होता, एकजण कुणाशीच बोलेनासा झाला होता. निवृत्ती नंतर सांगायचे, मी काही फार शूर नव्हतो, पण मी आरशाची ती बाजू बघायचो आणि मला वाटायचं, या माणसाला कुणी खोलीत घेत नव्हतं आणि मला खोलीतून बाहेर पडता येत नाही, यात जास्त वाईट काय.

मुलगा झाल्याची बातमी त्यांना बिनतारी संदेशानं मिळाली. ते परत आले तेव्हा तो मुलगा, प्रज्ञेश, ट्रंकेला धरून उभा राहण्याएवढा झाला होता. बापाची बोटीवर वाढलेली दाढी बघून त्यानं भोकाड पसरलं. सरकारी कपडे भांडारात परत गेले. एक नारंगी कोट तेवढा राहिला, कारण त्याची उजवी बाही रॉकेलच्या स्टोव्हवर जळली होती आणि निवृत्तींनी तंबूच्या कापडाचं ठिगळ स्वतःच्या हातानं लावलं होतं. भांडारवाल्यानं तो बाद ठरवला आणि म्हणाला, न्या घरी, पोतेरं करा.

पोतेरं झालं नाही. कोट, स्वेटर, माकडटोपी, काळा चष्मा, आरसा आणि गोधडी त्या ट्रंकेत राहिली, आणि ट्रंक लोणावळ्यातल्या वलवणच्या घरात, पलंगाखाली. निवृत्ती रिटायर झाले. कुणी सत्कार केला नाही, त्यांनी कुणाला सुचवलं नाही. एखाद्या शाळेत बोलावलं तर ट्रंक घेऊन जायचे, मुलांना कोट घालू द्यायचे. पाच वर्षांपूर्वी हृदयाच्या दुखण्यानं गेले. त्यानंतर ट्रंक उघडायची ती चंपाबाईंनीच, वर्षातून एकदा, ऊन दाखवायला.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बाजीराव शेठ घरी आले.

बाजीराव निवृत्तींच्याच गावचे. त्यांच्या वडिलांच्या खाचरांत धोंडाबाईनं भात लावला होता. कामशेतच्या हायस्कुलात दोघे एका वर्गात होते. पुढं जमिनींना भाव आला तसे बाजीराव शेठ झाले. दोन रिसॉर्ट झाली होती, आणि आता भुशीच्या रस्त्याला तिसरं काहीतरी मोठं उभं राहत होतं, हिमनगरी. आत मशीनचा बर्फ पडणार, पर्यटकांनी भाड्याचे जॅकेट घालून त्यात खेळायचं. दारातून शिरल्यावर आधी एक दालन, ध्रुवांवर गेलेल्या माणसांचं. मोठमोठे फोटो आणि मधोमध खऱ्या वस्तू.

चंपाबाईंनी चहा दिला. बाजीराव मनापासून बोलत होते, निदान तसं वाटत होतं. निवृत्ती वर्गातला सगळ्यात हुशार, गणितं आम्ही त्याचीच उतरवायचो, आपल्या मावळचा माणूस तिथवर गेला आणि आपल्याच पोरांना माहीत नाही, हे बरं नाही. प्रज्ञेशला ते ऐकून भरून आलं. तो तळेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, वादावादी त्याला नको असते, आणि बापाचं कुठंतरी नाव लागावं ही इच्छा त्यानं लहानपणापासून पोटात ठेवलेली. चंपाबाईंनी मात्र लगेच हो म्हटलं नाही. बरेच दिवस विचार केला. मग एकच अट घातली, नाव पूर्ण लावायचं.

"नावच लावणार की, वहिनी," बाजीराव म्हणाले. "एवढ्या मोठ्या अक्षरांत."

टेम्पो आला आणि ट्रंक घेऊन गेला. पलंगाखाली जमिनीवर तिचा चौकोन उमटलेला राहिला. चंपाबाईंनी तो पुसला नाही, पण त्यावर फार विचारही केला नाही.

हिमनगरीचं उद्घाटन थाटात झालं. पुढारी आले, वाजंत्री लागली, रस्ता तुंबला. ओव्हाळांकडे आमंत्रण आलं नाही. प्रज्ञेश म्हणाला, गडबडीत राहून गेलं असेल.  डिसेंबरातल्या एका बुधवारी चंपाबाईंनी त्याला सुटी काढायला लावली, आणि दोघं रिक्षानं भुशीच्या रस्त्याला लागली. दारावर ओळख सांगू, असं प्रज्ञेश म्हणत होता. चंपाबाई तिकिटाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

दालन थंड होतं आणि निळ्या उजेडाचं. मध्ये काचेच्या अर्ध्या भिंतीआड कापसाचा बर्फ पसरला होता, त्यात एक पुतळा उभा. गोरापान, कपड्यांच्या दुकानातला असतो तसा. त्याच्या अंगात निवृत्तींचा कोट. डोक्यावर माकडटोपी नव्हती, भगवा फेटा होता. खाली पाटी: मावळचा बर्फवीर. एवढंच. चंपाबाईंनी पाटी दोनदा वाचली. मग वाकून पुतळ्याच्या मागं बघितलं, बाजूच्या भिंतीवर बघितलं. नाव कुठं नव्हतं.

पुतळ्याच्या शेजारी ट्रंक होती. ती त्यांना आधी ओळखूच आली नाही. तिला आकाशी रंग दिला होता आणि त्यावर पेंग्विन काढले होते, पेंग्विनांच्या शेजारी एक पांढरं अस्वलही. निवृत्ती आयुष्यभर लोकांना सांगत राहिले की अस्वल तिकडचं नव्हे, दुसऱ्या टोकाचं. पण चंपाबाईंचं लक्ष अस्वलावर नव्हतं. त्या काचेवरून वाकून झाकणावर बोट फिरवत होत्या. रंगाखाली अक्षरांची कड बोटाला लागत होती.

गोधडी पुतळ्याच्या पायाखाली होती. कापसाच्या खाली अंथरली होती, भाड्याच्या बुटांची टाचच नेमकी धोंडाबाईच्या हिरव्या लुगड्यावर.

आरसा भिंतीवरच्या फळीला लावलेला होता. लोक त्यात बघून केस सारखे करत होते, फोटो काढत होते. चंपाबाईंनी एका मुलीला जरा सरक म्हटलं, आरसा दोन्ही हातांनी धरला आणि उलटा फिरवायला गेल्या. तो फिरेना. पाठीमागून फळीला पक्का चिकटवला होता.

प्रज्ञेशनं आईचा चेहरा बघितला आणि दंड धरला. तो हलक्या आवाजात म्हणाला, आई, घरी चल, मी त्यांच्याशी नीट बोलतो. चंपाबाईंनी हात सोडवून घेतला आणि तिथल्या मुलाला सांगितलं, मालकांना बोलवा. मालक मीटिंगमध्ये आहेत, म्हणाला. मग चंपाबाईंनी तो आवाज काढला. मोठा नव्हे. एक्स्चेंजमधला, सरळ, स्वच्छ, मुंबईपर्यंत जाणारा. "त्यांना सांगा, निवृत्ती रामा ओव्हाळांची बायको आलीय. मी लाइनवर थांबते."

दालनातली निम्मी माणसं वळून बघायला लागली.

बाजीराव आले, हसत आले. आधी कळवलं असतं तर गाडी पाठवली असती, म्हणाले. चंपाबाईंनी एकेका वस्तूकडे बोट दाखवलं. ट्रंकेचा रंग पोपडे धरून निघाला होता म्हणून पोरांनी नवा मारला. गोधडीनं कसा ओरिजिनल लूक येतो. आरसा पडून फुटू नये म्हणून चिकटवला. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. चंपाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोंड घातलं नाही.

"आणि नाव?"

बाजीरावांनी इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आणला. "हे बघा वहिनी, मावळचा बर्फवीर म्हटलं की सगळ्यांना आपला वाटतो. आडनाव लावलं की लोक दुसरंच बघत बसतात."

"काय बघतात?"

"तसं नाही..."

"काय बघतात, ते सांगा ना."

 भोवती गर्दी जमली होती, दोघातिघांनी मोबाइल वर धरले होते.  चंपाबाईंचं वय सदुसष्ट, रक्तदाबाची गोळी रोजची. पण डोकं थंड होतं, इतकं थंड की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांना वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही. त्याऐवजी आठवलं ते पेटीला हसणारं बोटीवरचं टोळकं, आणि त्यांच्यासोबत हसणारे, पण अक्षरं न झाकणारे निवृत्ती. ती अक्षरं बर्फानं पुसली नाहीत, खाऱ्या वाऱ्यानं पुसली नाहीत. ती पुसायला गावचाच माणूस लागला.

त्या काचेच्या अर्ध्या भिंतीला वळसा घालून कापसात शिरल्या.

सुरक्षारक्षक पुढं झाला. बाजीरावांनी त्याला हातानं थांबवलं, मोबाइल चालू होते म्हणून असेल. चंपाबाईंनी पुतळ्याचा फेटा उचलला, नीट, चुरगळू न देता, आणि बाजीरावांच्या हातात दिला. "हा तुमचा. सांभाळा." मग कोटाची चेन ओढली. बाही निघता निघेना, पुतळ्याचा हात वाकत नव्हता. त्यांनी खटपट केली, हात मनगटातून निखळला आणि कापसात पडला. कुणीतरी हसलं. त्यांनी तो उचलून पुतळ्याच्या पायाशी ठेवला. कोट निघाला. पुतळा कललेला होताच, त्याला एका खांद्यावर रेलवून त्यांनी खालची गोधडी ओढून घेतली, दोनदा झटकली. सगळ्या दालनात कापूस उडाला.

प्रज्ञेश अजून काचेच्या बाहेर उभा होता. त्याच्या कारखान्यातली माणसं हा व्हिडिओ बघतील, साहेब बघतील, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. चंपाबाईंनी त्याला बोलावलं नाही. त्या एकट्याच ट्रंकेचं एक कडं धरून ओढायला लागल्या, फरशीवर पत्र्याचा कर्कश आवाज झाला. तेवढ्यावर प्रज्ञेश आत आला आणि त्यानं दुसरं कडं धरलं. दोघांनी ट्रंक मधोमध आणून ठेवली. काचेच्या कडेशी मांडलेला काळा चष्मा, एका कोपऱ्यात घडी करून ठेवलेला स्वेटर, माकडटोपी, सगळं आत गेलं. वर गोधडी.

राहिला आरसा.

प्रज्ञेशनं खिशातल्या चावीनं आरशाची कड सोडवायचा प्रयत्न केला. चिकटपट्टी जाड होती. तो म्हणाला, आई, चित्र फाटेल, फळीसकट मागू. चंपाबाईंनी बाजीरावांकडे बघितलं. बाजीराव दुसरीकडे बघत होते.

"काढ," त्या म्हणाल्या.

आरसा निघाला, आणि अर्धं चित्र फळीवरच राहिलं. चष्मा, कपाळ आणि कोटाचा एक खांदा आरशाच्या पाठीवर आला. बाकीचं तिथं, हिमनगरीच्या फळीवर. प्रज्ञेश ते बघत उभा राहिला. इतका वेळ घाबरलेला तो माणूस एकदम ताठ झाला. त्यानं फळीवरचा कागद नखानं काढायचा प्रयत्न केला, तर त्याचा भुगा व्हायला लागला. चंपाबाईंनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, राहू दे. त्यांच्याकडे राहू दे तेवढं. रोज दिसेल.

गोधडी घाईत कोंबल्यानं ट्रंक भरली होती, कोटाला जागा नव्हती. चंपाबाईंनी तो अंगात घातला. साडीवर तो गुडघ्यापर्यंत आला, ठिगळाची बाही हातावरून खाली लोंबत होती. कोटाला अजून निवृत्तींचा वास असेल असं त्यांना वाटलं होतं, पण आता नव्या रंगाचा आणि अत्तराच्या फवाऱ्याचा येत होता. त्याचा त्यांना जास्त राग आला. त्या तशाच, प्रज्ञेशसोबत ट्रंकेचं एकेक कडं धरून, मुख्य दारानं, गर्दीतून बाहेर पडल्या. दारावरच्या माणसानं गेटपास मागितला. चंपाबाई म्हणाल्या, सामान आत येताना कुणी दिला नाही, म्हणून बाहेर जाताना लागत नाही. तो बाजूला झाला.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कामशेतला पोचला, दुसऱ्या दिवशी पुण्याला. चार दिवस घरी माणसांची रीघ. एका संघटनेची पोरं आली. मावशी, हिमनगरीवर मोर्चा काढू, पुढं तुमी कोट घालून चाला, म्हणाली. चंपाबाईंनी त्यांना पोहे खायला घातले, शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. हा माझ्या नवऱ्याचा कोट आहे, याचा झेंडा मी कुणाला करू देणार नाही, त्यानंही केला नसता. पोरं नाराज होऊन गेली. आपण बरोबर केलं की चूक, हे चंपाबाईंना त्या रात्री नीटसं ठरवता आलं नाही. पण दुसऱ्या दिवशीही त्यांनी मत बदललं नाही.

आठवडा गेला आणि बाजीराव स्वतः वलवणला आले. या वेळी सोबत पितळी पाटी होती. पूर्ण नाव, आडनावासकट, हुद्दा, मोहीम, सगळं. अक्षरं खरंच मोठी होती. झालं गेलं विसरा, म्हणाले, सामान परत द्या, काचेच्या कपाटात ठेवतो, गोधडीसुद्धा. प्रज्ञेशनं पाटी हातात घेतली आणि त्याचे डोळे ओले झाले. चंपाबाईंनी ते बघितलं. मुलगा चाळिशीचा झाला, बापाचं नाव त्यानं पितळेवर पहिल्यांदाच वाचलं.

त्यांनी विचारलं, आरसा कसा लावाल?

बाजीराव म्हणाले, आरसा म्हणजे आरसा, पुढच्या बाजूनं. मागच्या बाजूचं कशाला, तिथं सगळ्या प्रकारचे पर्यटक येतात, उगाच राजकारण नको.

"माझा नवरा ती बाजू बघत होता," चंपाबाई म्हणाल्या. "तिकडं रात्र संपत नव्हती तेव्हा. तीच बाजू नको असेल, तर त्याचं काहीच नको तुम्हाला, बाजीराव."

त्यांनी पाटी मुलाच्या हातून घेतली आणि बाजीरावांना परत दिली. चहा ठेवला होता, तो दिला. चहा पिऊन बाजीराव गेले. त्यांच्यामागं प्रज्ञेशनं कपबशा उचलल्या. मग म्हणाला, आई, नाव लागत होतं गं. चंपाबाई म्हणाल्या, हो, लागत होतं. पुढं दोघांनीही तो विषय काढला नाही. 

ट्रंकेचा निळा रंग काढायला प्रज्ञेशनं थिनर आणलं. मायलेकांनी अंगणात बसून घासायला घेतलं. पेंग्विन गेले, अस्वल गेलं, आणि त्यांच्यासोबत खालची पांढरी अक्षरंही विरघळून फडक्याला लागली. वेगळं काढता आलं नाही. शेवटी पत्रा उघडा पडला, कुठं काळा, कुठं करडा. कामशेतचा तो पेंटर कधीच वारला होता, त्याचा मुलगा आता मशीनवर फ्लेक्स छापतो. तो म्हणाला, स्टिकर लावून देतो, जुन्यासारखाच दिसेल. चंपाबाईंनी पांढऱ्या रंगाचा डबा आणि एक बारीक ब्रश आणला आणि स्वतःच बसल्या.  पहिला नि मोठा झाला, पुढं जागा पुरेना, ओव्हाळ दाटीवाटीनं खालच्या ओळीत घ्यावा लागला. प्रज्ञेशची मुलगी सारिका कॉलेजात आहे, ती म्हणाली, आजी, पुसून मी नीट लिहिते. आजी म्हणाली, वाचता येतंय ना, मग झालं.

आरशाच्या पाठीवर नवं चित्र लावू, असंही घरात निघालं होतं. चंपाबाईंनी लावू दिलं नाही. फाटलेलं तसंच ठेवलं आणि आरसा पुढच्या खोलीत खिळ्याला टांगला, चित्राची बाजू बाहेर. येणारा जाणारा विचारतो, हे असं कसं झालं. त्या सांगतात. कुणी, कुठं, कशासाठी, नावागावासकट सांगतात.

कोट त्यांनी ट्रंकेत परत ठेवला नाही. थंडीत वलवणच्या धरणावर सकाळी धुकं असतं, हात गारठतात. चंपाबाई कोट घालून फिरायला जातात. प्रज्ञेश कुरकुरला, एवढी ऐतिहासिक वस्तू, रोज वापरून विरेल. त्या म्हणाल्या, विरू दे. तिकडं तो वापरायलाच दिला होता. धरणावर फिरायला येणाऱ्यांना आता सवय झालीय. नवे पर्यटक वळून बघतात, नारंगी कोट आणि खाली नऊवारीचा काठ, पायात कॅनव्हासचे बूट. कुणी विचारलं तर थांबून सगळं सांगतात, नाही विचारलं तर चालत राहतात.

जानेवारीत एके दिवशी धरणाच्या रस्त्याला एक मोठी गाडी शेजारी येऊन हळू झाली. काच खाली आली. बाजीराव होते, मफलर गुंडाळलेले, म्हातारे दिसत होते. हिमनगरी चांगली चालली होती, पुतळ्याच्या अंगात आता विकतचं जॅकेट होतं. त्यांनी तब्येत विचारली, प्रज्ञेशची चौकशी केली, थंडी फार आहे म्हणाले. मग विचारलं, "अजून राग आहे का, वहिनी?"

"आहे," चंपाबाई म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात तेढ नव्हती, विचारलं म्हणून सांगितलं इतकंच. बाजीरावांनी मान हलवली. गाडी थोडा वेळ त्यांच्या चालीनं सोबत सरकत राहिली, मग पुढं गेली. चंपाबाईंनी लोंबणारी बाही वर दुमडली आणि उरलेली फेरी पुरी केली.